शांततेचा बंदोबस्त

"आठात आठवी," मुख्याध्यापक हुओ म्हणाले आणि निकालाचा कागद त्यांनी टेबलावरून पुढे सरकवला. "पुन्हा एकदा अभिनंदन, शुए."

शुए खाईमिंग यांनी कागदाकडे पाहिलंच नाही. शीतानच्या माध्यमिक शाळेत नववीच्या तिसऱ्या तुकडीला ते इंग्रजी शिकवत. वाचनाच्या परीक्षेत त्यांची मुलं कधी मागे पडत नसत, कारण उतारा समजला नाही तर पुन्हा वाचता येतो. ऐकण्याच्या परीक्षेत मात्र कानाला बिनतारी हेडफोन लावला रे लावला की तुकडीच्या डोळ्यांवर झापड यायची. शाळेच्या छोट्या रेडिओ-प्रक्षेपकावरून कोणीतरी इंग्रज बाई शर्टाची किंमत विचारत असायची, आणि इकडे पंचेचाळीस मुलं खिडकीबाहेर बघत अंदाजपंचे खुणा करत असायची.

"सर, भंगारवाला आला होता," शुए म्हणाले. "ऐन परीक्षेत, भिंतीपलीकडून, भोंगा लावून. 'जुना फ्रिज, जुना टीव्ही, जुनं वॉशिंग मशीन!' हेडफोनच्या आतसुद्धा घुसतो तो आवाज."

"तो बाकीच्या सात तुकड्यांच्या कानात नाही घुसला?"

"माझा वर्ग भिंतीला लागून आहे, सर."

हुओंनी थर्मासचं झाकण उघडून चहाचा घोट घेतला. ते मूळचे गणिताचे शिक्षक. सबब ऐकली की तिचं उत्तर शून्य येतं, असं त्यांचं मत होतं. "बरं," ते म्हणाले, "पुढच्या बुधवारी शेवटची सराव चाचणी आहे. बाहेर शांतता ठेवायचं काम तुमचं. एवढं करूनही तिसरी तुकडी तळाला राहिली, तर पुढच्या सत्रापासून तुम्ही शिलिंगच्या शाखेत. डोंगरावर. तिथली हवा फार चांगली आहे."

शिलिंगची हवा चांगली होती, कारण तिथे हवेखेरीज काही नव्हतंच. बस दिवसातून एकदा वर जायची आणि धुकं असलं की तेवढीही जायची नाही. तिथे गेलेला मास्तर निवृत्त होऊनच खाली उतरतो अशी ख्याती होती. शुए सरांचं लग्न व्हायचं होतं, आई थकली होती, आणि सातवीपासून शिकवलेली ही मुलं जूनमधल्या मोठ्या प्रवेश परीक्षेनंतर कुठे लागली हे बघायची त्यांची फार इच्छा होती. ते मुकाट्याने कामाला लागले.

मोठ्या परीक्षेच्या दिवशी शीतानमध्ये कोणाला काही सांगावं लागत नाही. गाड्या भोंगे वाजवत नाहीत, बांधकामं बंद राहतात, कुत्रीदेखील जपून भुंकतात. पण सराव चाचणीला कोण भीक घालतो? शुए सर लोखंडी दारं बनवणाऱ्याकडे गेले, भंगारवाल्याकडे गेले, शेवयांच्या दुकानात सकाळी सकाळी सुरा आपटणाऱ्या आचाऱ्याकडे गेले. सगळ्यांनी "बघू, बघू" म्हटलं. शेवटी ते शाळेसमोरच्या चौकात मेई मावशींकडे गेले आणि तिथेच फसले.

मेई मावशी चौकात रोज सकाळ-संध्याकाळ गाणी लावून व्यायामासाठी नाचणाऱ्या तीस-चाळीस बायकांच्या म्होरक्या. सूतगिरणीत मुकादम होत्या. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी मुकादमपण अंगातून गेलेलं नव्हतं.

"मावशी, बुधवारी सकाळी अर्धा तास तेवढं गाणं बंद ठेवाल का?" शुए सरांनी विचारलं.

"गाणं? अरे, अख्खं गाव बंद ठेवते!" मावशी म्हणाल्या. "तू कुणाकुणाकडे पाया पडत हिंडतोयस? मला आधी का नाही सांगितलंस? युन, अगं ए युन! लाल फिती काढ पेटीतून. सगळ्यांच्या दंडाला बांधायच्या."

"एवढं नको, मावशी. सराव चाचणी आहे नुसती."

"तू गप्प बस. शिकवायचं काम तुझं, गप्प बसवायचं काम माझं."

मावशींचा बंदोबस्त एका लष्कराला शोभेल असा होता. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी एक बाई. पण हुकूम द्यायचे कसे? ओरडलं तर शांतता मोडणार. त्यावर युन मावशींनी तोड काढली. नाचाच्या वेळी सूचना द्यायचा बिनतारी माइक मेई मावशींकडे होताच, आणि सकाळी ऑपेरा ऐकायला छोटा रेडिओ प्रत्येकीच्या खिशात असायचा. मावशी माइकमध्ये कुजबुजणार, बायका कानात इअरफोनची बोंडं घालून रेडिओवर ऐकणार. मंगळवारी संध्याकाळी त्यांनी रेडिओचा काटा फिरवून एक मोकळी जागा शोधली. तिथे ना गाणं, ना बातम्या, साधी खरखरसुद्धा नव्हती. ती जागा इतकी मोकळी का, हा प्रश्न कोणालाही पडला नाही. शाळेचा प्रक्षेपक संध्याकाळी बंद असतो.

बुधवारी सकाळी शीतान इतकं शांत झालं की शुए सरांना वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात स्वतःच्या बुटांची लाज वाटू लागली. सुरा थांबला होता. भंगारवाल्याला दोन बायकांनी मधे बसवून सूर्यफुलाच्या बिया खायला दिल्या होत्या. घंटा झाली, मुलांनी हेडफोन चढवले, आणि शुए सरांनी देवाचं नाव घ्यावं तसं प्रक्षेपकाच्या खोलीकडे पाहिलं.

पहिलं मिनिट ठीक गेलं. मग वर्गात काहीतरी झालं. झोपाळू पोरं ताठ बसली. कोणी खिडकीबाहेर बघेना. मागच्या बाकावरचा, ज्याला तीन वर्षांत कोणी जागं पाहिलं नव्हतं, तो मुलगा दोन्ही हातांनी हेडफोन कानावर दाबून पुढे झुकला होता.

"वा!" मागून हुओ मुख्याध्यापक आले. "बघा शुए, शांततेचा परिणाम! काय एकाग्रता आहे!"

"हो सर," शुए सर म्हणाले. त्यांचा ऊर भरून आला. पण मग त्यांच्या लक्षात आलं की वर्गप्रमुख दिंग यानयान पेन दातात धरून थरथरते आहे. शेजारच्या मुलीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मग एकेक करून सगळ्या वर्गाने मान वळवली आणि मुख्याध्यापकांच्या डोक्याकडे पाहिलं. हुओंनी प्रेमाने मान हलवली.

शुए सरांनी दाराजवळच्या टेबलावरचा जास्तीचा हेडफोन उचलून कानाला लावला.

"...निळी व्हॅन थांबव गं, आत सोडू नकोस," मेई मावशींचा आवाज आला, अगदी कानात तोंड घालून बोलल्यासारखा. त्या नेमक्या शाळेच्या भिंतीखाली उभ्या होत्या, आणि इंग्रज बाई त्यांच्यापुढे कुठल्या कुठे विरघळून गेली होती. "हां, तर युन, काय सांगत होते? तो हुओ. केस तर रंगवतोच, म्हटलं ना! आणि रोज संध्याकाळी तोंडाला मास्क लावून शेवटच्या रांगेत नाचायला येतो ना, तो उंच, तोच तो!"

"चल, काहीतरीच!" ही त्यांच्या शेजारी उभी असलेली युन मावशी.

"तुझ्या गळ्याशपथ. पंखा घेऊन नाचतो. गिरकी डावीकडे सांगितली की हा हमखास उजवीकडे जातो. गणिताचा मास्तर म्हणे! ...ए, त्या कुत्र्याला काहीतरी खायला घाल. ...आणि आपला शुए गं. चांगला मुलगा. पण यंदाही पोरं तळाला आली तर त्याला शिलिंगला पाठवणार आहेत. मी त्याला मुलगी कुठून आणू? डोंगरावर कोण जाईल?"

"द्या बघू मला," हुओंनी हात पुढे केला. "कितपत अवघड आहे ते ऐकू दे."

"सर, इंग्रजी आहे."

"तेवढं कळतं मला, शुए."

शुए सरांनी हेडफोन पाठीमागे नेला, अंगठ्याने त्याची बॅटरी उपसून काढली आणि मग अत्यंत आदराने तो मुख्याध्यापकांच्या हाती ठेवला. हुओंनी तो लावला, डोळे मिटले, थोडा वेळ ऐकलं. "उच्चार स्पष्ट आहेत," ते म्हणाले. तोवर शुए सर जिना उतरून भिंतीकडे धावत सुटले होते.

भिंतीवर चढून ते हातवारे करू लागले. मेई मावशींनी वर पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. "शुऽ! परीक्षा चालू आहे!" त्या माइकमध्ये कुजबुजल्या. हे शेवटचं वाक्य आठही तुकड्यांना ऐकू गेलं आणि सगळी शाळा एकदम फुटली. एवढा हशा शीतानच्या शाळेत कोणी ऐकला नव्हता.

चाचणी रद्द झाली. चौकशी होणार असंही जाहीर झालं, पण हेडफोनमध्ये नेमकं काय ऐकू आलं, हे मुख्याध्यापकांना तोंडावर सांगायला एकही शिक्षक तयार होईना. उपमुख्याध्यापकांनी अहवालात "स्थानिक अडथळा" एवढे दोनच शब्द लिहिले. दोन आठवडे सोडून सोमवारी फेरचाचणी ठरली, अट तीच.

दुसऱ्या दिवशी शुए सर वर्गात शिरले तेव्हा वर्ग भलताच शांत होता.

"सर," दिंग यानयान उठून म्हणाली, "डोंगरावर थंडी फार असते का हो?"

शुए सरांनी फळा पुसला. फळा कोराच होता, तरी पुसला. मग ते म्हणाले, "ते सोडा. काल मावशी किती वेळ बोलल्या?"

"पंधरा मिनिटं तरी, सर."

"काय काय बोलल्या, आठवतंय?"

वर्गाला अक्षर न् अक्षर आठवत होतं. व्हॅन कुठल्या रंगाची, कुत्र्याला काय द्यायला सांगितलं, गिरकी कुठल्या बाजूला चुकते. मागच्या बाकावरच्या त्या झोपाळू मुलाने तर सगळं क्रमवार सांगितलं. शुए सर बघतच राहिले. तीन वर्षं ते या पोरांच्या कानांना दोष देत होते. कान अगदी ठणठणीत होते. शर्टाच्या किमतीत त्यांना रस नव्हता, एवढंच.

त्या संध्याकाळी शुए सरांनी आयुष्यातला पहिला बेजबाबदार उद्योग केला. त्यांनी इंग्रजीत एक संवाद लिहिला. दोन बायका चौकात भेटतात. एका शाळेत एक उंच गृहस्थ आहेत. त्यांचे केस इतके काळे का? मास्क लावून ते संध्याकाळी कुठे जातात? पंखा कोणत्या हातात धरतात? खाली प्रश्न, प्रत्येकी तीन पर्याय. दुसऱ्या दिवशी त्यांनी आणि यानयानने तो वर्गात वाचून दाखवला.

"सर, परत एकदा!" पोरं ओरडली. "तिसऱ्याचं उत्तर ब का क?"

"क! मास्क निळा आहे, पंखा लाल!"

"तिने 'कदाचित' म्हटलं, 'नक्की' नाही म्हटलं! नीट ऐक की जरा, बहिऱ्या!"

एवढी वर्षं शुए सर हेच सांगून दमले होते. मग रोज नवा संवाद होऊ लागला. गृहस्थ गिरकी चुकून कारंज्यात पडले, केसांचा रंग उतरून रुमाल काळा झाला, पावसाने मास्क भिजला. तुकडी मधल्या सुट्टीतही इंग्रजीत कुचाळक्या करू लागली.

फेरचाचणीच्या सोमवारी मेई मावशींना माइकला हात लावायची सक्त मनाई होती. पण बंदोबस्ताची गरजच पडली नाही. त्या बुधवारच्या कार्यक्रमाची बातमी गावभर पसरली होती, आणि शेवयांच्या आचाऱ्यापासून भंगारवाल्यापर्यंत जो तो कामधंदा टाकून, रेडिओ कानाला लावून, काटा नेमका त्याच जागी आणून बसला होता. गावाला फक्त एका इंग्रज माणसाने वाचनालयाचा रस्ता विचारलेला ऐकू आला. तरीही शेवटपर्यंत कोणी जागचं हललं नाही, न जाणो पुढे काही निघालं तर!

निकाल लागला. तिसरी तुकडी आठात दुसरी आली. शुए सरांनी कागद दोनदा वाचला आणि मग खिडकीशी जाऊन उगाचच बराच वेळ नाक शिंकरलं. सर्दी त्यांना नव्हती.

त्याच आठवड्यात हुओ मुख्याध्यापक न सांगता तिसऱ्या तुकडीत येऊन मागे बसले. संवाद अर्ध्यावर आला होता. आता थांबणं जास्त वाईट दिसलं असतं. यानयान खणखणीत आवाजात वाचत राहिली. मुख्याध्यापकांचं इंग्रजी "थँक्यू"च्या पुढे कधी गेलेलं नव्हतं. त्यांना दिसत होतं ते एवढंच, की इंग्रजी ऐकताना पोरं हसताहेत, हात वर करताहेत, चुका काढताहेत. वर्ग हसला की तेही हसत.

"विषय काय आहे, बाळ?" त्यांनी यानयानला विचारलं.

"सर, एका मोठ्या माणसाचं कलेवरचं प्रेम," ती म्हणाली.

"उत्तम!" हुओंचे डोळे पाणावले. तास संपल्यावर त्यांनी व्हरांड्यात शुए सरांच्या खांद्यावर हात ठेवला. "शुए, मी तुम्हाला ओळखलंच नव्हतं. शिलिंगचं नाव आता काढायचं नाही. आणि ऐका, मी जिल्ह्याला कळवलंय. पुढच्या गुरुवारी आपल्या सभागृहात तुमचा जाहीर पाठ. जिल्ह्यातले झाडून सगळे इंग्रजीचे शिक्षक येणार, शंभर-दीडशे तरी. हाच संवाद घ्यायचा. एक शब्द बदलायचा नाही. मी स्वतः व्यासपीठावर तुमच्या शेजारी उभा राहणार आहे."

शुए सरांनी मुख्याध्यापकांच्या काळ्याभोर केसांकडे पाहिलं.

"सर," मग त्यांनी हळूच विचारलं, "शिलिंगची ती जागा अजून कोणाला दिली नाहीत ना?"