साळवे मास्तरांची भिंत

साळवे मास्तरांच्या कोटाच्या खिशात रुमाल असो वा नसो, ओळंबा असायचाच. गवंडी भिंत सरळ आहे की नाही ते पाहायला दोरीला लोखंडी वजन बांधून सोडतो ना, तोच. गवंड्याला तो भिंतीपुरता लागतो. मास्तरांना तो सगळीकडे लागायचा. प्रार्थनेला उभी राहिलेली पोरं, भाकरीची चळत, लग्नातला नवरदेव, कशासमोरही दोरी सोडून एक डोळा मिटायचे आणि म्हणायचे, "सूतभर कललंय." एकदा चर्चमध्ये उपदेश ऐन रंगात असताना त्यांनी पहिल्या बाकावरून पाळकसाहेबांसमोरच दोरी सोडली. पाळकसाहेब पुढचं वचन विसरले.

हा गृहस्थ आमच्या चिंचवडच्या ख्रिस्ती मंडळीच्या तरुण संघाचा पुढारी होता. मंडळी म्हणजे थोडीशी घरं, काही रेल्वेतली, काही पिंपरीच्या नव्या कारखान्यातली. दर मे महिन्यात तरुणांना घेऊन चऱ्होलीला आठ दिवसांचं सेवाशिबिर असायचं. मास्तर मुख्य पुढारी आणि मी, कारखान्यातला कारकून, दुय्यम. म्हणजे मास्तर शिट्टी वाजवणार आणि मी घमेलं उचलणार. उठायची शिट्टी, दात घासायची शिट्टी, गायची शिट्टी. एकदा भर जेवणात शिट्टी झाली, सगळे हात न धुता रांगेत उभे. मास्तरांना फक्त ती नीट वाजते का, ते पाहायचं होतं. श्रमाचं मोल ते फार सुंदर समजावून सांगत. सावलीत बसून.

आणि आठ दिवसांत आम्ही करायचो काय? भिंत बांधायचो. तिथल्या शाळेच्या अंगणात शेळ्या येऊ नयेत म्हणून दगडमातीची, कमरेएवढी, आणि एकाच बाजूला. बाकी तीन बाजू मोकळ्या, त्यामुळे शेळ्या वळसा घालून यायच्या आणि भिंतीच्या सावलीत बसायच्या. मास्तरांनी जन्मभर मिशनच्या शाळेत सुतारकाम शिकवलेलं. दगडाशी त्यांचा संबंध ठेच लागण्यापुरता. तरी दोरीत सुताचा फरक दिसला की अख्खा थर उतरवायला लावायचे. एवढं करून पुढच्या मे महिन्यात जावं, तर भिंत पडलेली! गावकऱ्यांनी दगड तेवढे नीट रचून ठेवलेले असायचे.

"पाऊस फार झाला," असं म्हणून मास्तर शिट्टी वाजवायचे.

चौथ्या वर्षी माझी पाठ धरली आणि डोकं फिरलं. मी मंडळीच्या पंचकमिटीकडे अर्ज केला की मास्तरांना पुढारीपणातून मोकळं करावं, दर वर्षी पडणारी भिंत तरुणांनी किती काळ बांधायची? नवा पुढारी कोण असावा हे मी लिहिलं नाही, पण खाली माझी सही जरा मोठीच होती.

बैठक नोव्हेंबरात होती. त्याआधी पडलेली भिंत डोळ्यांनी पाहून यावी म्हणून रविवारी उपासना आटोपल्यावर सायकल काढली आणि भोसरी-दिघीवरून चऱ्होली गाठली.

भिंत पडलेली नव्हती. ती उतरवली जात होती, आणि उतरवत होते साळवे मास्तर. कोट शाळेच्या खिडकीला टांगलेला, बाह्या वर, एकेक दगड काढून बाजूला ओळीत लावत होते. चार वर्षांत मी त्यांना दगड उचलताना प्रथमच पाहिलं.

बैलगाडी घेऊन खोळंबलेला गावातला बबन शेजारीच उभा होता. त्याला विचारलं, तर म्हणाला, "ही गाड्यांची वाट हाय न्हवं का, खळ्याकडं जायाची. पयल्या वर्सी आमी गुमान पाडाय लागलो, तर मास्तर आलं हुतं भिंत बगायला. म्हनलं, मीच उतरवून देतो, पर पोरांना कळू देऊ नगा. तवापासनं दर वर्सी येत्यात. चार दिस आमच्यातच ऱ्हात्यात."

"अरे, मग मे महिन्यात बांधू कशाला देता?"

"मास्तरीनबाई गेल्यापासनं त्यांच्या घरी बोलाय कोन न्हाई," बबन म्हणाला. "भिंत नगं म्हनलं तर मास्तर आमच्याकडं यायचं कशाला?"

तेवढ्यात मास्तरांनी मला पाहिलं. हात झटकत पुढे आले.

"सलाम. तुमच्या अर्जाचं कळलंय मला. कमिटीत खरं तेच सांगा. पण मुलांसमोर नको. त्यांनी मनापासून बांधलीय."

मला माझी लाज वाटली. आणि ती या माणसामुळे वाटावी, याचा रागही आला.

बैठकीत पाळकसाहेबांनी मलाच विचारलं, "पाहून आलात ना? का पडते भिंत?"

मास्तर पहिल्या बाकावर मान खाली घालून बसले होते.

"पाऊस," मी म्हणालो. "फार पाऊस होतो तिकडं."

चऱ्होलीला किती पाऊस होतो, हे बैठकीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मास्तरांचा हात कोटाच्या खिशात गेला. आता माझ्यासमोर दोरी सुटणार, म्हणून मी ताठ बसलो. पण निघाला तो रुमाल.

अर्ज मी मागे घेतला. पुढारी तेच राहिले, शिट्टीही राहिली, आणि शिबिरात हा माणूस अजून तितकाच असह्य आहे. फक्त नोव्हेंबरात आता मीही चार दिवस रजा टाकतो. खालच्या थरातले दगड एकट्यानं उतरत नाहीत.