‘येतो’ म्हणोन गेलेला सुतार आणि न्हाणीघराचे दार

समुद्रास नमस्कार करोन आरंभ. घड्याळास कंटाळोन जे दर्यापार गेले आणि निवांतपणाचे राज्य साधावे म्हणोन ज्यांनी शर्थ केली, त्यांची ही हकीकत. आम्ही सरकारांचे मीठ खाल्ले आहे, तथापि खऱ्यास खरे लिहिणे भाग, म्हणोन जेथे सरकारांची फजिती जाहली तेथे फजितीच लिहिली आहे, फक्त अक्षर थोडे बारीक काढिले आहे.

पूर्वपीठिका ऐशी की, राजमान्य राजश्री तक्तेबहादूर सरकार हे शहरी बाटल्यांची बुचे करणाऱ्या कारखान्यात पाळ्यांचे तक्ते लिहिण्याचे कामी सव्वीस वर्षे मुक्रर होते, आणि कोणी कोणत्या पाळीस यावे व किती मिनिटांत जेवून उठावे हे त्यांच्या कलमाने ठरे. मग एके दिवशी डॉक्टरांनी दंडास पट्टा आवळोन रक्ताचा जोर पाहिला आणि नुसती मान हलविली, आणि सरकारांनी तेथेच मनसुबा केला की आता बेटावर जाऊन संथ राहावे. बाईसाहेबांनी पुसिले, “तिथं दिवसभर करायचं काय?” सरकार बोलिले, “काहीच नाही. त्यासाठीच तर जायचं.” मग राजीनामा देऊन, कपाटे विकोन, आठ खोकी बांधोन, बोटीत ओकत ओकत खासा स्वारी बेटावर दाखल जाहली.

पहिल्याच दिवशी ‘संथ दिनचर्या’ नामे छापील फर्मान भिंतीस डकविण्यात आले. साडेपाचास समुद्र पाहणे. पाच पन्नासास समुद्र पाहणे समाप्त. दहा ते दहा वीस काही न करणे. बाईसाहेब दहा वाजून अकरा मिनिटांनी झाडू मारताना सापडल्या, तेव्हा त्यांस हुजुरांतून ताकीद जाहली. बाईसाहेबांनी झाडू कोपऱ्यात ठेविला तो काहीसा जोराने ठेविला, ऐसे आमच्या कानी आले.

पुढे एका सोमवारी सकाळी बाईसाहेब स्नानास गेल्या, आणि खाऱ्या हवेने न्हाणीघराचे दार फुगोन चौकटीत ऐसे रुतले की आतले आत आणि बाहेरचे बाहेर. सरकारांनी खांदा लावोन हल्ला केला. खांदा कामास आला, दार ढळले नाही. बाईसाहेब दोन तास बालदी उपडी घालोन तीवर बसोन राहिल्या. शेवटी सुतारास बोलाविले. तो समोरच्याच झाडाखाली बसला होता म्हणोन तत्काळ आला, आणि बिजागऱ्या उखडोन दार काढिले, बाईसाहेबांची सुटका केली, दार पडवीत दोन विटांवर उभे केले, हात धुतले, आणि “येतो हं, साहेब” म्हणोन निघोन गेला. सरकारांनी रोजनिशी काढोन लिहिले: सोमवार. सुतार येतो.

मग काय वर्णावे. न्हाणीघरास चादर बांधिली, ती वाऱ्याने उडोन नारळाच्या शेंड्यास लागली आणि तेथे निशाणासारखी फडकू लागली. मग तह ठरला की जो आत असेल त्याने गुणगुणत राहावे. बाईसाहेबांचा गळा गोड होता म्हणोन ठीक, परंतु सरकार स्नान करीत तेव्हा कुंपणावरले कावळे दुसरीकडे मुक्कामास जात. दोन दिवस हे सोसोन बुधवारी बाईसाहेबांनी निर्वाणीचे फर्मान काढिले. “शनिवारच्या बोटीच्या आत दार लागलं नाही तर मी बहिणीकडे निघून जाणार. आणि नुसतं दारासाठी नाही. तिकडे तुम्ही कामावर तरी जायचात. इथे मलाच चोवीस तासांची पाळी लागली आहे.”

हे ऐकोन बाईसाहेबांवाचोन बेट म्हणजे नुसते चहूकडे पाणी, हे सरकारांस प्रथमच उमगले. परंतु बोलोन दाखविणे सव्वीस वर्षांच्या तक्त्यांत कोठे नव्हते, म्हणोन ते रस्त्याकडे तोंड करोन खुर्ची मांडोन बसले आणि सुताराची वाट पाहू लागले. सोमवार वाट पाहण्यातच गेला होता, मंगळवारही गेला होता, बुधवारही गेला. समुद्र पाहणे तहकूब जाहले.

गुरुवारी सकाळी सरकारांनी रोजनिशी बगलेस मारोन सुताराच्या ओसरीवर चाल केली. सुतार एका होडीखाली उताणा पडोन फट बुजवीत होता. सरकारांनी रोजनिशीचे पान उघडोन जाब पुसिला की, येतो म्हणालास तो कोठे आलास? सुतार होडीखालून डोके काढोन चकित मुद्रेने बोलिला, “अहो साहेब, निघताना ‘येतो’च म्हणतात ना? ‘जातो’ म्हणू का?”

सरकार स्वतः जन्मभर उंबरा ओलांडताना हेच म्हणत आले होते, आणि कारखान्यातून कायमचे निघतानाही फाटकावरल्या पहारेकऱ्यास “येतो” म्हणाले होते, आणि त्या बापड्याने ते कोठे लिहोन ठेविले नव्हते. परंतु तक्ते लिहोन लिहोन कानच ऐसे जाहले होते की क्रियापद सापडले की त्यास वार चिकटावा. सुतार पुढे बोलिला, “दार ओलं आहे. आत्ता रंधा मारला तर वाळल्यावर फट पडेल. ते वाळतंय. मी येऊन काय करू?” सरकारांनी शनिवारची मुदत मागितली. सुतार म्हणाला, “लाकडाला बोट कुठे माहीत आहे?” आणि पुन्हा होडीखाली गेला.

शुक्रवारी सरकारांनी रंधा उसना आणोन स्वहस्ते युद्ध मांडिले. (येथून अक्षर बारीक.) भुसा उडाला, बोट कापले, दुखरा खांदा पुन्हा दुखावला, दाराची एक कड चार बोटे खाली उतरली, आणि सायंकाळी दार चौकटीस लावोन पाहिले तो बाजूने मांजर आरपार गेले. बाईसाहेबांनी मांजराकडे पाहिले, सरकारांच्या बोटास पट्टी बांधिली, आणि बॅग भरावयास घेतली.

शनिवारी धक्क्यावर बोट लागली. तांडेलाने बॅग उचलली. बाईसाहेब फळीवर पाऊल ठेवोन वळल्या आणि म्हणाल्या, “येते.”

सरकारांच्या जिभेवर “कधी?” हा शब्द येऊन उभा राहिला. रोजनिशी खिशात होती, पेन होते. सरकारांनी तो शब्द गिळला. आजवरच्या साऱ्या लढायांत आम्ही ही थोर मानितो, जरी ती कोणी पाहिली नाही.

पुढे फोन रोज होई, आणि तो शब्द रोज जिभेवर येई, आणि सरकार रोज गिळीत, आणि जेवलात का इतकेच विचारीत. दोन शनिवार बोट बाईसाहेबांवाचोन आली आणि गेली. मग एके दिवशी सुतार आपण होऊन आला, दारावर बोटाने टकटक केले, आवाज ऐकोन मान डोलाविली, आणि सरकारांनी खाल्लेल्या कडेस नवी पट्टी जोडोन दार चौकटीवर चढविले. एक बिजागरी किंचित खोल बसत होती, म्हणोन खाली घालावयास जाड कागद मागितला. सरकारांनी भिंतीवरली दिनचर्या उतरविली, चौघडी केली आणि दिली. दार नेमके लागले. सुतार “येतो” म्हणाला. सरकार म्हणाले, “या.”

त्यापुढल्या बोटीस सरकार धक्क्यावर गेले नव्हते, पडवीत खुर्चीत घोरत होते. जागे जाहले तो पुढ्यात बॅग, आणि बॅगेमागे बाईसाहेब. त्या म्हणाल्या, “आले.” सरकार घाईने उठले, चष्मा सापडेना, आणि पुष्कळ बोलावे ऐसे मनी असता “चहा टाकतो” इतकेच बोलिले.

बाईसाहेब स्नानास गेल्या. आतून कडी वाजली. दार चौकटीत बसले, रुतले नाही, मांजरास वाट उरली नाही. कडी लागली असता गुणगुणण्याचे काहीच कारण नव्हते. तरी आतून गुणगुण सुरू जाहली. सरकार चहाचा कप घेऊन दाराबाहेर ती ऐकत उभे राहिले आणि चहा निवोन गेला.

येणेप्रमाणे न्हाणीघराचे दार फत्ते होऊन मोहीम तडीस गेली, ती दप्तरी नोंदिली. विजयाची वेळ लिहावी तर घड्याळाचे सेल संपले आहेत आणि नवे आणावयाचे कोणास सुचले नाही. बोट लागली होती, त्यावरोन शनिवार समजावा.