चाचांचा डब्बा

"माहा हात सोड, पहिले डब्बा पकड! डब्बा!"

हबीबचाचा आपल्या हॉटेलच्या पत्र्यावर उभे राहून बोटवाल्यावर ओरडत होते. वर्धा नदी बल्लारपुरात शिरली होती आणि आमच्या गल्लीत इतकं पाणी होतं, की मासे दारांवरच्या पाट्या वाचत पत्ता शोधत होते. लोकांनी सोनं वाचवलं, सातबारे वाचवले, एकानं तर कूलर वाचवला. चाचांनी वाचवला पितळेचा एक कडीचा डब्बा. आत काय? काल उरलेली वाटीभर निहारी!

मी बोटीतच होतो. आधी डब्बा माझ्या मांडीवर आला, मग चाचा. बोटवाल्याच्या नाकात वास गेला. "निहारी आहे का जी, चाचा?"

माणूस गळ्यापर्यंत भिजलेला, दात वाजताहेत. तरी चाचा ताठ झाले. "दुपार झाली. आता सालन म्हण. लफ्जाची इज्जत ठेव!"

हे त्यांचं जन्माचं वेड. रातभर देगेत, म्हणजे मोठ्या हंड्यात, मंद आचेवर मटण शिजतं. चाचा सांगत, नहार म्हणजे सकाळ, रिकामं पोट; त्या पोटात पहिली पडते ती निहारी. पाण्याच्या टाकीची सावली हॉटेलच्या पायरीवरून सरकली, की त्याच देगेतल्या त्याच मटणाचं नाव उतरायचं. मग ते नुसतं सालन, म्हणजे साधा रस्सा. एकदा मराठीचे गुरुजी म्हणाले, "ही तर आमची न्याहारी!" चाचांनी त्यांना मिठी मारली. तेच गुरुजी दुपारी येऊन "एक निहारी" म्हणाले, तर चाचा वाढायची कलछी घेऊन स्टेशनपर्यंत त्यांच्या मागे. "दुपारी न्याहारी कोण करते, गुरुजी? तुमी करता?"

आणि चव? रातपाळी सुटलेले कामगार पहिल्या घासाला देवळात आल्यासारखे गप्प होत. वास ताडोब्यापर्यंत गेला की वाघ तोंडातलं हरीण खाली ठेवून विचारात पडे. वाघानं स्वतः सांगितलं नाही, पण हरणं नाकारत नाहीत.

हॉटेल मुळात चाचीचं. पहिली देग तिनंच चढवली. देग कधी खरडायची नाही, तळाची वाटीभर डब्ब्यात काढायची आणि नव्या देगेत टाकायची, हा नेमही तिचाच. ती गेली, कलछी चाचांकडे आली. पण नवरदेव येवो की ठाणेदार, तळाची वाटी कोणालाच मिळाली नाही.

शाळेतल्या पूरछावणीत खरी पंचाईत झाली. सकाळ-संध्याकाळ उकळी दिली नाही तर डब्बा आंबणार. चूल एकच, तिच्यावर खिचडी, आणि खिचडीपुढे मूल गावाकडच्या शकुनबाई, गळ्यात तुळशीची माळ.

"माह्या चुलीवर मटण नाई चालत, भाऊ."

"शिजवून नाई राह्यलो, बाई," चाचा डब्बा छातीशी धरून म्हणाले. त्यांचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता. "फक्त जित्तं ठेवून राह्यलो."

शकुनबाईंनी एकदा डब्ब्याकडे पाहिलं, एकदा चाचांकडे. मग चुलीतली जळती लाकडं ओढली, अंगणात तीन विटा मांडल्या. "घ्या, फुका आता. माही खिचडी कच्ची राह्यली त मंग सांगतो तुमाले."

पाणी ओसरेपर्यंत अख्खं बल्लारपूर आंबलं. गाद्या, धान्य, माणसांचे स्वभावसुद्धा. डब्बा नाही.

मग चाचांनी हॉटेलातला चिखल उपसला, देग चढवली आणि डब्बा तिच्यात रिकामा केला. सकाळी पहिली वाटी माझ्यापुढे आली. चव तीच! मी गप्प झालो. मला गप्प करणं नदीलाही जमलं नव्हतं.

देग तळाला आली. चाचांनी वाटीभर डब्ब्यात काढली, कडी लावली. माझी जीभ पुन्हा वळवळली.

"चाचा, सकाळी निहारी, दुपारी सालन. मंग डब्ब्यात राहते त्याले काय म्हणाचं?"

"चाचीच्या हातचं," चाचा म्हणाले. "ऊठ, बाक पुसाचा आहे."