आपत्ती असल्यास लिहावी

रकाना पहिला: घटना

मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, प्रताप नगरातून टोंक रोडला लागताना, श्री. जयंत सबनीस यांच्या मोटारीत जळका वास आला. मोटारीत श्री. सबनीस, त्यांची कन्या अवनी आणि वास असे तिघे होते. अवनीची ड्रायव्हिंगची परीक्षा दुपारी दोन वाजता होती आणि गाडी घरचीच न्यायची होती. तिचे शिकाऊ लायसन्स दुसऱ्या दिवशी संपत होते. आज हुकले तर सगळे पहिल्यापासून.

श्री. सबनीस विमा कंपनीत अधिकारी आहेत, सांगलीहून इकडे हिंदी मुलखात बदलून आलेले. नुकसान दिसले की आधी ते दुसऱ्या कोणाचे आहे का, हे पाहण्याची त्यांना सवय आहे.

"कोणीतरी पाला जाळतंय," असे म्हणून त्यांनी काचा वर केल्या. वास वाढला. "मग समोरचा टेम्पो असेल." टेम्पो डावीकडे वळला. वास सरळ आला.

"बाबा, मतलब, आपणच जळतोय ना?" अवनीने विचारले. "थांबून खाली बघू या?"

"आपण बघून काय कळणार? त्यासाठी माणसं नेमलेली असतात."

माणसे दोन सिग्नल पुढे होती.

रकाना दुसरा

(कार्यालयीन उपयोगासाठी राखीव. वाचकांनी यात काही वाचू नये.)

रकाना तिसरा: तक्रारीचे स्वरूप

सर्व्हिस सेंटरमध्ये शेखावतजी नावाचे सल्लागार होते. त्यांनी पाणी विचारले, खुर्ची दिली, आणि गाडीकडे न बघता टॅबलेट उघडला. "स्मेल किस टाइप का है, सर?" यादीत चार वास होते: रबर, प्लास्टिक, तेल, अन्य.

"करपट," सबनीस म्हणाले.

"करपट मतलब?"

सबनिसांचे हिंदी इथे संपले. अवनी मदतीला आली. "जैसे दूध पतीले में लग जाता है ना, वैसा."

शेखावतजींनी 'अन्य' निवडले आणि पुढे 'दूध' असे नोंदवले.

"एकदा बॉनेट उघडून तर बघा," सबनीस म्हणाले. हे मराठी शेखावतजींना कळले.

"ज़रूर, सर. पहले यह फॉर्म."

रकाना चौथा: आपत्ति, यदि कोई हो

सबनीस खूश झाले. इतका दूरदर्शी फॉर्म त्यांनी विमा खात्यातही पाहिला नव्हता. संभाव्य संकट आधीच विचारतात, म्हणजे काय. त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिले: 'हो सकती है. आग की.'

शेखावतजींचा चेहरा पडला. "सर, आपको आपत्ति है तो हम गाड़ी को हाथ नहीं लगा सकते."

"मला कुठे? गाडीला आहे."

"बाबा, हिंदीत आपत्ति म्हणजे ऑब्जेक्शन," अवनी म्हणाली. "तू गाडी चेक करायला मना केलंस."

लेखी आपत्ति खोडता येत नव्हती. तिच्यावर अनापत्ति पत्र चढवावे लागत होते आणि त्याला एक साक्षीदार लागत होता, ज्याने वास स्वतः घेतलेला आहे. अवनीने सही केली. ओळखपत्र म्हणून शिकाऊ लायसन्स दिले.

"यह तो कल एक्सपायर है," शेखावतजी म्हणाले.

"हाँ जी," अवनी म्हणाली. "इसीलिए जल्दी है."

पत्र मंजूर होईपर्यंत बारा वाजले.

रकाना चौथा, पुन्हा (पाचवा सापडत नसल्यामुळे)

मेकॅनिक गाडीखाली गेला. अर्ध्या मिनिटाने एक हात बाहेर आला. हातात वितळून आकसलेली काळी पिशवी होती. रस्त्यावरची, सायलेन्सरला चिकटलेली. "बस, यही था. थोड़ा ठंडा होने दो और खुरच दो. सड़क पे ही हो जाता."

वास गेला. अवनी स्टिअरिंगवर जाऊन बसलीसुद्धा. गाडीत काहीही बिघाड उरला नव्हता, त्यामुळे आता ती बाहेर काढणे अवघड झाले.

रकाना सहावा: मेळ

टॅबलेटवर लाल पट्टी आली होती. "सर, शिकायत दूध की है, निकली थैली. मेल नहीं खा रहा. सिस्टम गाड़ी नहीं छोड़ रहा."

"अहो, पण वास गेला ना?"

"वही तो दिक्कत है. जाने से पहले किसी ने चेक नहीं किया. अब गया तो किसका गया?"

नियमानुसार मूळ वास तपासनिसांसमोर हजर करणे आवश्यक होते. मेकॅनिकने कचऱ्याच्या डब्यातून पिशवी काढली आणि तारेने सायलेन्सरला बांधली. इंजिन पंधरा मिनिटे चालू ठेवले. तपासनीस आले, वाकले, दोनदा हुंगले आणि म्हणाले, "है तो दूध जैसा ही." सगळ्यांना हायसे वाटले.

मग फोटो काढला. फोटोत वास येईना, म्हणून अवनीला नाक धरून गाडीजवळ उभे केले आणि पुन्हा काढला. सायलेन्सर थंड झाल्यावर पिशवी दुसऱ्यांदा, आणि आता रीतसर, काढण्यात आली. एक वाजून वीस मिनिटे झाली होती.

रकाना सातवा: समाधान

फाटकाचा दांडा आडवा होता. शेखावतजी धावत आले. "सर, एक आख़िरी चीज़. दस में से कितना देंगे?"

सबनिसांचे बोट दोनवर गेले.

"दस से कम मत दीजिए, सर. नहीं तो नाराज़गी की जाँच होगी. गाड़ी रोकनी पड़ेगी."

"बाबा, दे ना दहा," अवनी म्हणाली. "तुझ्या खिशातले थोडेच जातायत?"

त्यांनी दहा दिले. दांडा वर गेला. तेवढ्यात समोरून एक गाडी आत वळली. बॉनेटमधून धूर, शेजारच्या सीटवरच्या बाईंचा पदर नाकाला. चालवणाऱ्याने काच खाली केली. "भाईसाहब, कैसी सर्विस है यहाँ की?"

सबनिसांनी घड्याळ बघितले. खरे सांगायला निदान दहा मिनिटे लागली असती.

"एकदम बढ़िया," ते म्हणाले. "चल, अवनी."

"बाबा, ते खरंच अंदर गेले."

"तू पुढे बघून चालव."

परीक्षेला ते सहा मिनिटे आधी पोचले आणि अवनी पास झाली. धूरवाल्यांचे काय झाले, याची नोंद नाही. त्यांचे गुण मात्र संध्याकाळी जमा झाले. दहा.

त्या केंद्राची सरासरी सध्या नऊ पूर्णांक नऊ आहे. एकट्या सबनिसांनी ती एवढी चढत नाही. मागे एकदा, कुकरची तिसरी शिट्टी मोजत असताना, तुम्हालाही एक फोन आला होता. पलीकडून एका मुलीने फार गोड आवाजात काहीतरी विचारले होते, आणि ती पूर्ण बोलायच्या आत तुम्ही आकडा सांगून मोकळे झाला होतात. तो आमच्याकडे आहे.