बंद तार

दोन इंग्रजी शब्दांतला फरक अख्ख्या सोनाळ्यात आपल्यालाच ठाऊक, याचा मंजुळाला केवढा तोरा! नवरा वामनराव नांदुऱ्याच्या कापसाच्या जिनात कारकून. त्यानेच सुट्टीत शिकवले होते: काय बिघडले ते ठाऊक असून जीव खाली-वर होतो, तो माणूस ‘वरीड’, काहीच ठाऊक नसताना होतो, तो ‘अँक्शस’. मंजुळाने लगेच ताडले. बाळ दातापायी रडते तेव्हा आपण वरीड. रडता रडता एकदम गप्प होते तेव्हा अँक्शस!

त्याच दातापायी पंधरा दिवस तिला नवऱ्याला पत्र लिहायची फुरसत झाली नाही. सोळाव्या दिवशी टपालवाला मोतीराम टोपी काढूनच दारात उभा!

“तार हाय.”

झाले! तार येते ती माणूस गेल्यावरच, हे गावाला पाठ. सासूबाईंनी हंबरडा फोडला. कोणीतरी चुलीत पाणी ओतले. ओसरी बायांनी भरली.

“आत्याबाई, मले वाचू तर द्या!” मंजुळाने सासूपुढे हात केला. नांदुऱ्याच्या नवऱ्यावाचून बाहेरगावी होते कोण?

“तारेत काय वाचाचं असते, पोरी? तार म्हंजे तार!” सासूबाईंनी कागद छातीशी आवळला.

“तुमचा भाऊ नारायणराव गेला असन,” शेजारची सुभद्राबाई स्फुंदली. “देवमाणूस होता वं!”

“मी जित्ता हावो!” मागे उभे राहून रडणारे नारायणराव ओरडले. “पण तू बोल, पुढं बोल!”

त्या गोंधळात मंजुळाने तार हिसकावली. ‘पत्र नाही. अँक्शस.’ खाली नवऱ्याचे नाव. आता रडावे की हसावे!

“आत्याबाई, ते खुशाल हायेत! नुसते अँक्शस हायेत.”

“थे काय असते?”

“काय झालं ते ठाऊक नसते, तरी जीव घाबरते.”

“मंग आम्ही सकायपासून काय करून राह्यलो?”

मंजुळाने मोतीरामाच्याच हाती उलट तार धाडली: ‘सगळे सुखरूप.’ आणि ओली चूल फुंकत बसली.

तिसऱ्या दिवशी दारात बैलांची दमणी थांबली. वामनराव उतरले, ते डोळे सुजवूनच. बाळ दिसताच त्याला असे कवटाळले की ते किंचाळले.

“काऊन हो, माही तार नाही भेटली?”

“भेटली ना.” वामनरावांनी खिशातून तारेचे पाकीट काढले. बंद! “फोडाची हिंमतच नाही झाली.”

मंजुळाने कपाळावर हात मारला. आता या गुरुजींना कोणी शिकवावे!

तेवढ्यात बाळाने पाकीट ओढले, तोंडात घातले, आणि पंधरा दिवस घर डोक्यावर घेऊन आलेल्या त्या एकुलत्या एका दाताने तार फोडली!