थोरल्याआधी वाढता येत नाही

आमच्या गावात थोरलं भावंड वयात आल्याशिवाय धाकट्याला वाढता येत नाही. लग्नाच्या बाबतीत हा क्रम बहुतेक घरांत पाळतात. आमची नगरपरिषद तो उंचीलाही लावते, इतकंच. वाढ खात्यात मी एकोणीस वर्षं कारकून आहे आणि लोकांना अजून साधा अर्ज भरता येत नाही.

सोमवारी आठवीतली तेजल खटावकर आईला घेऊन आली. वर्षभर ती एकशे अठ्ठेचाळीस सेंटिमीटरवर अडकली होती. शनिवारी जिल्ह्याच्या व्हॉलीबॉल संघाची निवड होती आणि तिथे किमान एकशे पंचावन्न लागत होते.

"थोरलं कोण?" मी विचारलं.

"आमचा हेरंब. अकरावीत आहे," आई म्हणाली.

"मिसरूड?"

"नाही हो. आवाजसुद्धा फुटला नाही अजून."

"मग हिची वाढ कशी सोडणार?"

"लहान आहे हो तो," आई कौतुकाने म्हणाली.

"आणि मी?" तेजलने विचारलं.

"तू मोठी झालीस आता. मध्ये बोलू नकोस."

मी पेन खाली ठेवलं. लोक असं बोलतात आणि वर आमच्या नावाने खडे फोडतात.

"बाई, तो लहान आणि ही मोठी, असं घरी नेहमी म्हणता?"

"रोजच."

"मग नोंदच चुकलीय. दुरुस्तीचा अर्ज भरा. थोरली तेजल, धाकटा हेरंब."

साहेबांनी सही केली. जिना उतरेपर्यंत तेजल सात सेंटिमीटर वाढली. चपला हातात घेऊन घरी गेली.

शनिवारी सकाळी मी नियमाप्रमाणे मोजणीला गेलो, तर आई दार अडवून उभी.

"एवढी मोठी झालीस. आता हाफ पँट घालून मैदानावर जाणं शोभतं का?"

मला पोरीचं फार वाईट वाटलं, पण शोभणं आमच्या खात्याकडे येत नाही.

तेजलने थोरलेपणाचा नवा दाखला आईपुढे धरला. "इतकी वर्षं हेरंब थोरला होता. त्याला तू कधी कुठे जायला अडवलंस?"

आईने बराच वेळ आठवून पाहिलं. एकही प्रसंग सापडेना. शेवटी ती दारातून बाजूला झाली आणि तिने आत हाक मारली.

"हेरंब, ताईची बॅग घे बाळा. आणि रस्ता ओलांडताना तिचा हात सोडू नकोस."