सत्कारमूर्ती कंटकराव

एका वाळवंटात, मुलांनो, कंटकराव नावाचा जाहक राहत होता. जाहक म्हणजे साळिंदर नव्हे. हा तुमच्या दोन मुठींएवढा. पाठीवर आखूड काटे, पोट मात्र मऊ.

दिवसभर तो बिळात झोपे. ऊन उतरलं की विंचू शोधत फिरे. विंचू सापडला की आधी नांगी तोडी आणि उरलेला कुरकुर चावून खाई. कोणी अंगावर आलं की नाक पोटात खुपसून चेंडू होई. त्याच्यावर टपलेल्या पिंगाक्ष नावाच्या खोकडाचं, म्हणजे छोट्या कोल्ह्याचं, या चेंडूपुढे काही चालत नसे.

शेवटी पिंगाक्ष सुधारला. म्हणजे त्याने एक संस्था काढली.

"कंटकराव," तो बिळाच्या तोंडाशी येऊन म्हणाला, "विंचू-निर्मूलनातल्या आपल्या कार्याची कोणी दखलच घेतली नाही हो! आम्ही आपला जाहीर सत्कार ठरवलाय."

"माझा? अहो, मी नुसता जेवतो."

"काय हा विनय! फक्त हार घालताना मान वर, पोट पुढे. चेंडूला हार घालता येत नाही."

शेजारची चंडोलमावशी म्हणाली, "जाऊ नकोस रे. खाईल तो तुला."

"कळतंय गं मावशी. पण आजवर मला कोणी 'आपण' म्हटलं नव्हतं."

आणि तो गेला. काटे चापूनचोपून बसवले, पोट पुढे काढलं, मान वर केली. भीतीने छाती धडधडत होती, आनंदानेही.

पिंगाक्षाला तेव्हाच घास घेता आला असता. पण समोर ससे, घोरपडी, तितर असे श्रोते बसले होते. श्रोते दिसल्यावर कुठल्या अध्यक्षाला राहवतं?

"मी फक्त दोन शब्द बोलणार आहे," तो म्हणाला.

मग त्याने वाळवंटाचा इतिहास सांगितला. मग स्वतःचं बालपण. मग संस्थेपुढच्या अडचणी. कंटकराव आपलं नाव येण्याची वाट पाहत राहिला. नाव येईना. त्याची मान कलली, नाक पोटात गेलं. जाहक झोपतो तोही चेंडू होऊनच.

"आणि आता सत्कारमूर्ती!" म्हणत पिंगाक्षाने न बघताच जबडा उघडून झेप घेतली.

तोंडभर काटे रुतले. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. अध्यक्ष गहिवरले, असं वाटून श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

त्या आवाजाने कंटकरावाला जाग आली.

"फार सुंदर बोललात आपण," तो म्हणाला आणि हार घेऊन घरी गेला.

तात्पर्य: सत्काराला अवश्य जावे. धोका असतो तो भाषण लक्षपूर्वक ऐकणाऱ्यांना.